जुन्या टर्बो डिझेल गाडीचं ॲव्हरेज का घसरतं? ‘टर्बो गेला’ हे मान्य करण्याआधी काय तपासायचं?

समजा, २०१३ सालची एक स्विफ्ट डिझेल आहे. सेकंडहँड घेतलेली, मीटरवर एक लाख चाळीस हजार किलोमीटर. दोन वर्षं लिटरला १८ किलोमीटर निमूटपणे देणारी ही गाडी गेल्या तीन महिन्यांत १३ वर आली. घाटात पिकअप कमी वाटतो, मागून कधीतरी काळा धूर दिसतो. गॅरेजमध्ये नेली तर बॉनेट उघडल्या उघडल्या निदान येतं, ‘साहेब, टर्बो गेलाय.’

महिन्याला १,२०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला १८ च्या हिशेबानं साधारण ६७ लिटर डिझेल लागतं, १३ च्या हिशेबानं ९२ लिटर. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर महिन्याला दोन हजार तीनशे रुपये नुसते धुरात जातात. दुसऱ्या बाजूला नवा टर्बो आणि मजुरी मिळून पाच आकडी बिल. आणि खरी भीती पुढेच आहे. एवढं बिल भरून ॲव्हरेज १३ चं १३ च राहिलं तर?

असं अनेकदा होतं. कारण ॲव्हरेज घसरण्याच्या कारणांची यादी केली, तर त्यात टर्बो स्वतः बराच खाली येतो.

या गाड्या इतक्या का दिसतात?

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, टाटाची इंडिका व्हिस्टा, फियाटची पुंटो आणि लिनिया या सगळ्यांत एकच डिझेल इंजिन होतं. फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट. ते पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात आणि हरियाणात मानेसरला तयार व्हायचं. इतक्या कंपन्यांनी ते वापरलं की वाहन क्षेत्रात त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटलं जायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. म्हणजे रस्त्यावर दिसणारी मारुतीची प्रत्येक डिझेल आता जुन्यातच मोडते. पुढची बरीचशी माहिती ही गाडी डोळ्यांसमोर ठेवून दिली असली, तरी कोणत्याही जुन्या टर्बो डिझेलला ती थोड्याफार फरकानं लागू पडते.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणारे गरम वायू टर्बोतलं एक छोटं चाक फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनाकडे ढकलतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती आधी इंटरकूलर नावाच्या छोट्या रेडिएटरमधून जाते. ही कल्पना तशी जुनीच आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. छोट्या गाडीच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला एक लाखापेक्षा जास्त फेरे घेऊ शकतो.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, टर्बो फक्त हवा पुरवतो. डिझेल किती टाकायचं हे गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू ठरवतो. तो ठरवताना हवा किती आली, दाब किती, इंजिन किती गरम, हे सेन्सरकडून विचारून घेतो. या साखळीतली कोणतीही एक कडी चुकली तरी डिझेल वाया जातं. पण सगळ्यांत नाव मोठं टर्बोचं, त्यामुळे आळ त्याच्यावर येतो.

आधी मोजा, मग शंका घ्या

‘पाचशेचं टाकलं आणि इतकं चाललं’ हा हिशेब इथे कामाचा नाही. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर टाकी भरा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाल्यावर थांबा, कारण डिझेलला फेस येतो आणि त्यानंतर किती जाईल ते भरणाऱ्याच्या मर्जीवर असतं. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी पाव उरेपर्यंत चालवा, पुन्हा तशीच भरा आणि चाललेले किलोमीटर भरलेल्या लिटरनं भागा. एका टाकीवरून काही ठरवू नका. तीन टाक्यांची सरासरी काढा.

आता तो आकडा डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजशी ताडून बघा. डॅशबोर्ड टाकीतलं डिझेल मोजत नाही. ईसीयूनं इंजेक्टरना जेवढं डिझेल सोडायला सांगितलं, त्याची तो बेरीज करतो. त्यामुळे डॅशबोर्ड १७ म्हणतोय आणि टाकीचा हिशेब १३ येतोय, तर ईसीयूच्या नकळत डिझेल कुठेतरी जातंय. एखादी पाइप गळतेय, इंजेक्टर सांगितल्यापेक्षा जास्त सोडतोय किंवा पंपावरच माप कमी पडतंय. शेवटची शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप मागायचा ग्राहकाला हक्क आहे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. दोन्ही आकडे सारखेच घसरले असतील, तर मात्र इंजिन खरोखरच जास्त मागतंय.

टायर बदलले असतील तर तेही आठवा. १६५/८० आर१४ च्या जागी दिसायला बरे म्हणून १९५/६५ आर१५ घातले, तर चाकाचा व्यास साधारण अडीच टक्क्यांनी वाढतो. मीटर तेवढंच कमी अंतर नोंदवतो आणि ॲव्हरेज कागदावरच पडतं.

आणि तुलना कशाशी करताय, तेही बघा. २०११ च्या स्विफ्ट डिझेलचा एआरएआयचा आकडा २२.९ होता. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी असते, एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तो आकडा शोधण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती तुमच्याच गाडीच्या गेल्या वर्षाच्या आकड्याशी.

कुठे घसरलं, हाही एक पुरावा आहे

सपाट हायवेला ॲव्हरेज जवळपास पूर्वीसारखं, पण घाटात आणि ओव्हरटेक करताना गाडी दमते, धूर टाकते, तर संशय हवेच्या मार्गावर जातो. सगळीकडे सारखंच पडलं, धूर नाही, तर चाकं, ब्रेक किंवा इंजिनाचं तापमान. फक्त शहरातच पडलं असेल तर आधी रोजचा रस्ता आठवा. नवा उड्डाणपूल होतोय म्हणून रोज वीस मिनिटं जास्त उभं राहावं लागत असेल, तर त्याला कोणताही मिस्त्री काही करू शकत नाही. असं छोटं डिझेल इंजिन नुसतं सुरू असलं तरी तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल घेतं. एसीचं वेगळं.

वेगाचंही तसंच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० ऐवजी १०० नं गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. टपावर कॅरिअर असेल तर आणखी.

बॉनेट उघडण्याआधी चाकांकडे

टायरमध्ये हवा किती हवी, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ती टायर थंड असताना तपासायची. अनेक जण इथेच थांबतात. जुन्या गाडीत मात्र अडकलेला ब्रेक हा जास्त मोठा चोर असतो. कॅलिपरची पिन गंजते, हँडब्रेकची केबल परत येत नाही आणि पॅड डिस्कला थोडा थोडा घासत राहतो. गाडी चालते, पण सतत कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी.

घरी तपासायची रीत सोपी आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि चारही रिमजवळ तळवा न्या. हात लावू नका, डिस्क भाजण्याइतकी गरम असू शकते. एखाद्या चाकाजवळ ऊब वेगळीच जाणवली किंवा जळका वास आला, तर ते चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवून बघायला सांगा. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे सर्रास आढळतं.

क्लचही इथेच बघून घ्या. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा उसळी घेतो आणि वेग मात्र तिथेच, असं झालं तर क्लच घसरतोय. याचीही तक्रार ‘पिकअप नाही’ अशीच होते आणि बोट टर्बोकडेच जातं.

इंजिन थंडच चालत असेल तर?

‘गाडी गरम होते’ ही तक्रार सगळ्यांना माहीत असते. गाडी पुरेशी गरमच होत नाही, याची तक्रार कुणी करत नाही. डिझेल इंजिनाचं कूलंट साधारण ८० ते ९० अंशांवर असावं लागतं. तोवर ईसीयू जास्त डिझेल देत राहतो, ऑइलही घट्टच असतं. कूलंट रेडिएटरकडे कधी सोडायचं हे थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह ठरवतो. तो उघडा अडकला की इंजिनाला कायम थंडी वाजत असते.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. आधीच्या मालकाच्या वेळी कधीतरी गाडी गरम झालेली असते आणि कुण्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट दुरुस्त करण्याऐवजी चक्क काढूनच टाकलेला असतो. गाडी गरम व्हायची थांबली, मालक खूश. ॲव्हरेजचं बिल मात्र पुढच्या मालकाला येत राहतं. सेकंडहँड गाडीत हे आवर्जून विचारा.

तपासणीला पैसे लागत नाहीत. हायवेवर अर्धा तास गाडी चालवल्यानंतर हीटर लावा. हवा कडक गरम यायला हवी. कोमट येत असेल किंवा तापमानाचा काटा हायवेवर खाली उतरत असेल, तर संशयाला जागा आहे. धूर नाही, आवाज नाही, दिवा नाही, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. सुटा भाग टर्बोच्या तुलनेत किरकोळ किमतीचा असतो.

हवा फुटतेय का?

आता सुरुवातीच्या स्विफ्टकडे या. घाटात दम, काळा धूर. या लक्षणांमागे सगळ्यांत आधी पाहायची जागा म्हणजे टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप. इंजिनातून येणाऱ्या ऑइलच्या वाफेनं हे रबर आतून मऊ पडतं. दहा-बारा वर्षांनी त्याला चीर जाते, बहुतेकदा खालच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही. क्लिपही सैल होते.

या चिरेची खोड अशी की गाडी उभी असताना ती मिटलेली असते. गॅरेजमध्ये बॉनेट उघडून, रेस करून पाहिलं तरी दिसत नाही, कारण इंजिनावर भार नसताना टर्बो फारसा दाब तयारच करत नाही. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की दाब वाढतो, चीर उघडते आणि ‘फुस्स’ असा आवाज येतो. मग काय होतं? हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी, एअर फिल्टरजवळ असतो. त्यानं भरपूर हवा आत गेल्याची नोंद केलेली असते. ईसीयू त्या हिशेबानं डिझेल सोडतो. प्रत्यक्षात त्यातली बरीच हवा वाटेतच फुटून गेलेली असते. हवा कमी, डिझेल जास्त. तोच काळा धूर. ड्रायव्हर आणखी पाय दाबतो, गिअर उतरवतो आणि ॲव्हरेज आणखी पडतं. सगळी लक्षणं टर्बो गेल्यासारखी, आणि टर्बो मात्र ठणठणीत.

शोधायचं कसं? इंजिन बंद आणि थंड असताना होज पाइपचे सगळे जोड टॉर्चनं बघा. ऑइलचा हलका ओलावा चालतो, पण जोडाबाहेर काळपट तेलकट फवारा उडालेला दिसला तर हवा तिथूनच जाते. खालून बोटं फिरवली तर चीर हाताला लागते. तरीही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये हवेच्या मार्गात धूर सोडणारं यंत्र लावता येतं किंवा कमी दाबाची हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी टाकता येतं. बुडबुडे आले की जागा सापडली. पंक्चरवाल्याचीच पद्धत, फक्त दाब जपून द्यावा लागतो, नाहीतर इंजिनाची सील उडतात. म्हणून हे घरी करायचं काम नाही.

ज्या टर्बोमध्ये पात्यांचा कोन बदलतो, त्यांच्यापैकी अनेकांत तो हलवायला व्हॅक्यूमची एक बारीक नळी असते. ती तडकली तरी टर्बो अर्धवटच काम करतो.

एअर फिल्टर बदलावा का? जरूर, पण चमत्काराची अपेक्षा नको. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं २००९ मध्ये पेट्रोल गाड्यांवर चाचण्या केल्या होत्या. फिल्टर तुंबल्यानं आधुनिक गाड्यांच्या ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, पिकअप मात्र घटला. डिझेलमध्ये फार तुंबलेला फिल्टर धूर वाढवतो, पण १८ चं १३ होण्याइतका दोष एकट्या फिल्टरचा क्वचितच असतो.

स्कॅनर लावला, दिवा नाही. मग?

‘स्कॅनरमध्ये काही एरर नाही’ याचा अर्थ गाडी बरी आहे, असा होत नाही. सेन्सर पूर्ण मेला तर एरर येते. थोडं खोटं बोलत असेल तर येत नाही. म्हणून स्कॅनर लावून चालू आकडे बघायला सांगा.

एक छान चाचणी अशी. किल्ली ऑन, इंजिन बंद. आता दाब मोजणाऱ्या सेन्सरनं बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत तो साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. पुण्यात उभ्या गाडीत तो ११० दाखवत असेल तर सेन्सरच बिघडलाय. त्याच्या साक्षीवर टर्बोला दोषी कसं ठरवायचं?

मग एक माणूस गाडी चालवताना दुसऱ्यानं स्कॅनरवर दोन आकडे बघावेत. ईसीयूनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब. चढावर पूर्ण पाय दाबल्यावर दोन्ही जवळजवळ असतील तर टर्बो आणि पाइप दोन्ही निर्दोष. हा दहा मिनिटांचा पुरावा न बघता टर्बो बदलायला सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढलेलीच बरी. कूलंटचं तापमानही त्याच वेळी बघून घ्या, थर्मोस्टॅटची शंका तिथेच फिटते.

काळा धूर ईजीआर व्हॉल्व्हमुळेही येतो. नायट्रोजन ऑक्साइडचं प्रदूषण कमी करण्यासाठी हा व्हॉल्व्ह थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवतो. कार्बन साचून तो उघडा अडकला की हवेची जागा धूर घेतो. तो काढून साफ करता येतो. ‘पत्रा मारून कायमचा बंद करू’ असा सल्ला हमखास मिळेल. त्यानं प्रदूषण वाढतं आणि ते नियमातही बसत नाही.

जुन्या पीयूसी पावत्या ठेवल्या असतील तर काढा. डिझेल गाडीच्या पावतीवर धुराच्या घनतेचा आकडा असतो. दर वेळी तो चढत गेला असेल तर बिघाड कधी सुरू झाला याचा अंदाज येतो. अर्थात, चाचणी खरोखर केलेली असेल तर.

इंजेक्टर आणि शेवटी टर्बो

डॅशबोर्ड आणि टाकीच्या हिशेबात मोठा फरक, सकाळी सुरू करताना ठोके, पांढरट धूर आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं. हे सगळं एकत्र दिसलं तर इंजेक्टरकडे बघायला हवं. ऑइल वाढतं म्हणजे त्यात डिझेल मिसळतंय. अशी गाडी चालवत राहू नये, कारण पातळ झालेलं ऑइल आधी टर्बोच्याच बेअरिंगचा घास घेतं. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडून कुठून किती डिझेल परत येतं ते बघितलं की दोषी इंजेक्टर बहुधा उघडा पडतो. नवीन इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो. तो भरला नाही तर खर्च करूनही मात्रा चुकतच राहते.

पेट्रोल टर्बोवाल्यांसाठी थोडंसं. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआय आणि इकोस्पोर्ट इकोबूस्ट आता जुन्या झाल्या आहेत. त्यांच्यात स्कॅनरवर ‘फ्यूएल ट्रिम’ हा आकडा बघायचा. ईसीयूला ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते त्यात दिसतं. तो सतत दहा टक्क्यांच्या पलीकडे असेल तर हवेची गळती, ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजेक्टर यांपैकी काहीतरी बिघडलंय. स्पार्क प्लग आणि कॉइलही बघून घ्यावेत.

इतकं सगळं झाल्यावरही मागितलेला दाब मिळत नसेल, तर टर्बो उघडायचा. त्याची स्वतःची लक्षणं वेगळी असतात. निळसर धूर, ऑइल कमी होणं, सायरनसारखा चढता आवाज. इंजिन थंड असताना पाइप काढून बोटानं दांडा हलवून बघतात. आडवी किंचित हालचाल बऱ्याच टर्बोंमध्ये असतेच. पण चाक बाहेरच्या कवचाला घासत असेल किंवा दांडा आत-बाहेर सरकत असेल, तर तो संपला. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून टर्बो बाद करू नका. जुन्या इंजिनात तो असतोच.

खराब निघालाच, तर बदलण्याआधी एक प्रश्न विचारा. तो का गेला? बहुतेक टर्बो स्वतःहून मरत नाहीत, ऑइलअभावी मरतात. ऑइल वेळेवर न बदलल्यानं त्याला ऑइल देणारी बारीक पाइप आतून कार्बननं भरते. ती तशीच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेनं जातो. म्हणून बिलात ऑइल पाइप, ऑइल आणि ऑइल फिल्टर नवीन लिहिलेत का ते बघा, इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल काढलं का ते विचारा आणि जुना टर्बो परत मागून घ्या. त्याचं चाक बोटानं फिरवून तुम्हालाही पाहता येईल.